मध्यंतरात मास्क कुठे असतो?

पत्र : आमचं नाट्यरसिक मंडळ तालुक्याच्या गावात तीस वर्षं चालू आहे. ६२० सभासद, वर्षाला दहा प्रयोग. नाट्यगृह ८०० खुर्च्यांचं, एसी आहे. सभासद बहुतेक साठीच्या पुढचे. गेले तीन आठवडे गावात ताप-खोकल्याची साथ आहे. डॉक्टर म्हणतात काही फ्लू, काही कोविड. पुढच्या रविवारी रात्री साडेआठला विनोदी नाटकाचा प्रयोग ठरलाय आणि कार्यकारिणीत दोन तट पडलेत. अध्यक्ष म्हणतात, मास्क नसेल त्याला आत सोडायचं नाही. खजिनदार म्हणतात, असं केलंत तर पुढच्या वर्षी वर्गणी कोण भरेल? शिवाय तोंड बांधून विनोदी नाटक बघायचं कसं? आमच्या एका जुन्या सभासदांचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय. ते रोज फोन करून विचारतात, ‘मी येऊ की नको?’ माझ्या आईला श्रवणयंत्र आहे. मास्क काढताना यंत्रही कानातून बाहेर येतं, म्हणून ती मास्क नकोच म्हणते. शुक्रवारी बैठक आहे. काय ठरवू?
— कार्यवाह

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. साथ चालू असताना बंद नाट्यगृहात अडीच तास बसणाऱ्या प्रत्येकाने मास्क लावावा. इथे तुमच्या अध्यक्षांचं बरोबर आहे. पण या प्रयोगाला दारात माणसं अडवून सक्ती करू नका. इथे खजिनदारांचं बरोबर आहे, फक्त त्यांनी दिलेलं कारण चुकीचं आहे. खरं कारण असं की ही अट सभासदांनी वर्गणी भरली तेव्हा नव्हती. २०२२ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिलला, राज्यातले कोविडचे निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. तोपर्यंत ‘सरकारचा आदेश आहे’ म्हणून हात वर करता येत होते. आता नियम तुमचा, भांडणही तुमचं. आणि ते भांडण होणार आठ वाजून पंचवीस मिनिटांनी, दरवाजाच्या तोंडाशी. मागे पन्नास माणसं खोळंबलेली, सगळी एकमेकांच्या अंगावर, सगळी मोठ्याने बोलणारी. जे टाळायचं म्हणून नियम केला तेच त्या नियमाने घडवून आणायचं, असा तो प्रकार होईल.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०२१ मध्ये नाट्यगृहं पुन्हा उघडली तेव्हापासून ३० जून २०२२ पर्यंत प्रेक्षकांना मास्क सक्तीचा होता. ती सक्ती टिकली, कारण अट तिकीट काढतानाच सांगितलेली होती आणि आत पगारी माणसं रांगांमधून फिरून नाकाखाली घसरलेले मास्क वर करायला सांगत होती. तुमच्याकडे दारावर दोन स्वयंसेवक, तेही बहुधा पासष्टीचे. त्यांना पोलीस करू नका.

सक्ती नाही म्हणजे काहीच नाही, असं नव्हे. बांगलादेशात कोविडच्या काळात ६०० गावांमध्ये एक मोठा प्रयोग झाला, सुमारे साडेतीन लाख लोकांवर. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, ते कसे लावायचे हे दाखवलं, रस्त्यात भेटेल त्याला नम्रपणे आठवण केली आणि गावातल्या मान्यवरांनी स्वतः मास्क लावला. मास्क नीट लावणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. दंड नाही, अडवणूक नाही. ज्या गावांत सर्जिकल मास्क दिले होते तिथे साठीच्या पुढच्या लोकांमध्ये लक्षणांसह झालेला संसर्ग सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे सगळ्यांनी लावला नाही तरी फायदा झाला आणि तो म्हाताऱ्यांना जास्त झाला. तुमचे सभासद नेमके त्याच वयाचे आहेत. तेव्हा फुकट द्या, दाखवा, आठवण करा, आणि कार्यकारिणीच्या प्रत्येकाने लावा. त्या दिवशी अध्यक्ष मास्क हनुवटीवर ओढून लॉबीत गप्पा मारताना दिसले, तर बाकी सगळं फुकट गेलं असं समजा.

आता जी गोष्ट दोन्ही तटांपैकी कुणीच बोललेलं दिसत नाही, ती. मध्यंतर.

प्रयोग चालू असताना प्रेक्षक गप्प असतो आणि नाकाने श्वास घेत असतो. हसतो तेव्हा तोंडातून सूक्ष्म थेंब जास्त बाहेर पडतात, हे खरं, पण हसू ओसरतं. मध्यंतराची घंटा होते आणि तीच सहाशे माणसं एका अरुंद लॉबीत, हातभर अंतरावर, गोंगाटावर आवाज चढवून बोलू लागतात. बोलण्यातून उडणारे कण आवाजाबरोबर वाढत जातात. नेमक्या त्याच वेळी सगळ्यांचे मास्क खाली असतात, कारण हातात बटाटावडा असतो. तासभर अंधारात निष्ठेने मास्क लावायचा आणि उजेडात पंधरा मिनिटं काढून समोरच्याच्या तोंडावर बोलायचं, असा आपला उलटा हिशेब आहे.

वडा बंद करा म्हणत नाही. मराठी प्रेक्षकाला वड्याशिवाय मध्यंतर म्हणजे शिक्षा. वडा बाहेर काढा. तळण आहे तिथेच स्वयंपाकघरात राहू दे. फक्त वाटपाची टेबलं लॉबीतून उचलून पोर्चमध्ये किंवा आवारात लावा, दोन टोकांना दोन, म्हणजे एकच रांग होणार नाही. चहाचं पातेलंही तिथेच. वडे आधीच कागदी पिशवीत दोन-दोनच्या जोड्या करून ठेवले तर सुट्टे पैसे आणि चटणी यांत जाणारा वेळ वाचतो. कूपनं प्रयोगाआधी विकली तर आणखी उत्तम. पावसाचे दिवस असतील तर पोर्चच्या पुढे ताडपत्री. मध्यंतर पंधराऐवजी पंचवीस मिनिटांचं ठेवा, पण मग तिसरी घंटा साडेआठलाच झाली पाहिजे. आपल्याकडे साडेआठचा प्रयोग पावणेनऊला उचलतो आणि मग नाट्यगृहाची वेळ ओलांडली म्हणून जादा भाडं पडतं. ती पंधरा मिनिटं सत्काराची भाषणं गाळून मिळतील. कुणी हळहळणार नाही.

त्या पंचवीस मिनिटांत प्रेक्षागृहाचे सगळे दरवाजे, बाल्कनीचेही, सताड उघडे टाकून माणसं बाहेर काढा. हवा बदलायची तीच संधी असते.

हवेचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण मास्क किती जणांनी लावायला हवा हे त्यावर ठरतं. २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका समूहगायनाच्या मंडळाने अडीच तास तालीम केली. ६१ जण आले होते, त्यांतले ५३ आजारी पडले आणि दोघं दगावले. तिथे सगळेच मोकळ्या गळ्याने गात होते, तुमचे प्रेक्षक गाणार नाहीत. पण बंद जागेत हवा साचली की अंतर ठेवूनही भागत नाही, हे त्या संध्याकाळने दाखवलं. विषाणू असलेले बारीक कण सिगरेटच्या धुरासारखे पसरतात. शेजारच्याला सर्वांत जास्त, आणि हवा बदलत नसेल तर हळूहळू सगळ्यांनाच.

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला एकच प्रश्न विचारा : ‘एसी चालू असताना बाहेरची ताजी हवा आत येते का, आणि किती?’ ‘थंड होतं ना’ हे त्याचं उत्तर नव्हे. घरातल्यासारखे स्प्लिट किंवा छतातले कॅसेट एसी असतील, तर ते आतलीच हवा गार करून परत सोडतात. ताजी हवा शून्य. मोठ्या डक्टचा प्लांट असेल तर त्याला बाहेरची हवा घेणारी एक झडप असते. बऱ्याच ठिकाणी ती वीजबिलासाठी जवळजवळ बंद ठेवलेली असते, कारण बाहेरची गरम, दमट हवा गार करायला खर्च येतो. ती झडप त्या रात्री पूर्ण उघडून हवी, आणि प्लांट लोक आत येण्याच्या तासभर आधी सुरू हवा. स्वच्छतागृहांचे बाहेर हवा फेकणारे पंखे प्रयोगभर चालू हवेत. त्याच दिवशी दुपारी तिथे दुसरा प्रयोग असेल तर तो सुटल्यावर अर्धा तास सगळे दरवाजे उघडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा हे माप सांगितलं आहे. तुमच्या ६२० जणांना ती तासाला सुमारे २२,३०० घनमीटर लागेल. हा आकडा कागदावर लिहून न्या. प्लांट सांभाळणारा माणूस आकडा बघितला की बोलू लागतो.

तो काहीच सांगू शकला नाही, तर कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर आणा. हा वायू आपल्या श्वासातून बाहेर पडतो, म्हणून तो साचला की हवा बदलत नाही असं समजायचं. गावातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा एसीच्या ठेकेदाराकडे असतो. मात्र तो ‘एनडीआयआर’ जातीचा असायला हवा, म्हणजे अवरक्त किरणांनी मोजणारा. स्वस्तातले काही मीटर हा वायू मोजतच नाहीत. ते हवेतल्या इतर वासांवरून अंदाज बांधतात. मोगऱ्याचे गजरे आणि अत्तर लावून आलेल्या प्रेक्षकांत असा मीटर काय आकडा दाखवेल, देव जाणे. मीटर आधी उघड्यावर धरा. हवेच्या दहा लाख भागांत ४२० ते ४५० च्या आसपास दाखवला तर ठीक. मग प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला, पण कुणाच्याही तोंडापासून हातभर लांब ठेवा. तीन ठिकाणी बघा : मधली रांग, बाल्कनी आणि बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगा. ही शेवटची जागा बहुतेक वेळा सर्वांत वाईट निघते, कारण वर छत बुटकं आणि हवा अडून राहिलेली.

मध्यंतराच्या थोडं आधी आकडा हजाराच्या आत असेल तर नाट्यगृह चांगलं आहे. पंधराशे असेल, तर आपण घेतो त्या दर पस्तीस-चाळीस श्वासांतला एक दुसऱ्याने सोडलेला असतो, कारण सोडलेल्या श्वासात हा वायू दहा लाखांत सुमारे ४०,००० भाग असतो. दोन हजारांच्या वर गेला, तर त्या नाट्यगृहात साथीच्या काळात मास्कशिवाय बसू नये आणि प्रकृती नाजूक असलेल्याने मास्क लावूनही बसू नये. हे मोजमाप प्रयोगाच्या आधीच्या एखाद्या भरलेल्या कार्यक्रमात करून ठेवलं तर शुक्रवारच्या बैठकीत वाद निम्मा होईल.

औषधाची फवारणी, दारावर कपाळाला लावायची तापमापक बंदूक, रुमालात कापराची वडी, यांवर पैसे घालू नका. फ्लू झालेला माणूस ताप येण्याच्या आदल्या दिवसापासून विषाणू सोडत असतो. आणि ज्याला ताप आलाय तो पॅरासिटामॉल घेऊन येतो, कारण तिकीट वाया जाऊ नये असं त्यालाही वाटतं.

म्हणून बैठकीतला पहिला ठराव मास्कचा नाही, परताव्याचा घ्या. ‘ताप, खोकला किंवा घसादुखी असेल त्याने येऊ नये. प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कळवल्यास त्याला पुढच्या प्रयोगाला एक जादा प्रवेशिका मिळेल.’ तुमच्याकडे ८०० खुर्च्या आणि ६२० सभासद आहेत, म्हणजे पुढच्या वेळी १८० जागा रिकाम्याच आहेत. खजिनदारांचा एक रुपया जात नाही. डॉक्टरचं सर्टिफिकेट मागू नका, नाहीतर लोक खोकत येणं पसंत करतील. खोकणारा एक माणूस घरी राहिला तर त्याच्या आजूबाजूच्या दहा जणांनी मास्क लावण्याइतकं काम होतं, असं माझं मत.

दुसरा ठराव : सक्ती करायची तर ती रांगांपुरती करा. पुढच्या दोन रांगांत बसणाऱ्याने मास्क लावायचा, आणि मधल्या भागातल्या चार रांगा ‘मास्कच्या रांगा’ म्हणून ज्यांना हव्यात त्यांना द्यायच्या. पुढच्या रांगांचं कारण नट. तो मास्क लावू शकत नाही आणि आवाज फेकून बोलतो, म्हणजे श्वासही खोल घेतो. आपल्या व्यावसायिक नाटकात बदली नट तयार ठेवायची पद्धत फारशी नाही. एकाला ताप आला की दौऱ्यातले पुढचे प्रयोग रद्द होतात आणि बुकिंगचे पैसे परत करताना निर्मात्याचं कंबरडं मोडतं. प्रयोगानंतर रंगपटात जाऊन भेटणं आणि सेल्फी यावेळी बंद. निर्मात्याच्या व्यवस्थापकाला तुम्हीच फोन करून हे सांगा, तो आभार मानेल. जागांचा प्लॅन लावताना सगळी गर्दी पुढे कोंबू नका. तुमच्याकडे जागा आहे, बाल्कनी उघडा.

पुढच्या वर्षीच्या सभासद-अर्जात एक ओळ घाला : ‘साथीच्या काळात एखाद्या प्रयोगाला मास्क आवश्यक ठरवण्याचा अधिकार कार्यकारिणीला राहील, मान्य नसल्यास त्या प्रयोगाची वर्गणी परत.’ मग अध्यक्षांनाही सक्ती करता येईल. आपल्याकडे फ्लू जानेवारी ते मार्चमध्ये आणि पावसाळ्यात वाढतो. त्या महिन्यांतल्या प्रयोगांसाठी दीड तासाचा, मध्यंतर नसलेला दीर्घांक निवडता आला तर लॉबीचा सगळा प्रश्नच मिटतो.

आता मास्क कोणता आणि किती. दारावर वाटायला तीनपदरी सर्जिकल मास्क, ५० चं एक असे आठ खोके, म्हणजे ४००. बाकीचे स्वतःचा घेऊन येतील किंवा घेणार नाहीत. खरेदी करताना पाकिटावर ‘आयएस १६२८९’ हे भारतीय मानक आहे का बघा. हातात धरून दिव्यासमोर आरपार दिसत असेल आणि मधला पदरच नसेल, तर तो मास्क नव्हे, फडकं आहे. सर्जिकल मास्कचा दोष कापडात नसतो, फटीत असतो. गालाजवळ दोन्ही बाजूंना तो उघडा राहतो आणि श्वास तिथून ये-जा करतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ मध्ये पुतळ्यांवर केलेल्या चाचणीत नुसत्या सर्जिकल मास्कने खोकल्यातले सुमारे ५६ टक्के कण अडवले. त्यावर कापडी मास्क चढवल्यावर सुमारे ८५ टक्के अडवले. कापडी मास्कमुळे जादा गाळण फार होते असं नाही, तो खालचा मास्क गालाला दाबून धरतो. दुसरी युक्ती गाठीची : मास्क आडवा दुमडून निम्मा करा, कानाच्या प्रत्येक दोरीला मास्कच्या कडेला अगदी लागून एक गाठ मारा, मग उलगडा आणि बाजूला आलेली चुणी आत खोचा. दारावर एका टेबलाशी एक चुणचुणीत मुलगी बसवा आणि तिला हे करून दाखवायला सांगा. आज्यांना आवडतं.

स्वयंसेवक, कॅन्टीनची पोरं आणि ज्यांची प्रकृती नाजूक आहे त्यांना मात्र एन ९५ किंवा त्याच तोडीचा एफएफपी २ मास्क द्या. साठ पुरतील. त्यावर ‘आयएस ९४७३’ आणि आयएसआयची खूण असावी. पुढे प्लास्टिकची झडप असलेला घेऊ नका. ती आतला श्वास न गाळता बाहेर सोडते, म्हणजे घालणारा सुरक्षित आणि शेजारी उघडा. २०२० च्या जुलैत केंद्रीय आरोग्य खात्यानेही या झडपेबद्दल राज्यांना कळवलं होतं. हा मास्क धुवायचा नाही, त्याला सॅनिटायझर लावायचं नाही. आतल्या पदरावरच्या स्थिर विद्युतभारामुळे तो बारीक कण पकडतो, आणि अल्कोहोलने तो भार जातो. वरून मास्क नवा दिसत राहतो. वापरून झाल्यावर कागदी पिशवीत, हवेशीर ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहतो.

एक सूचना नटांच्या वतीने : मास्क तिसऱ्या घंटेच्या आधी लावून मोकळं व्हा. पहिल्या प्रवेशात हलक्या आवाजातला संवाद चालू असताना तिसऱ्या रांगेतून पाकीट फाडल्याचा आवाज, हा छळ गोळ्यांच्या चांद्यांनी पुष्कळ केलेला आहे.

आता मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या तुमच्या त्या काकांचं. त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते आणि त्याच कारणाने लसही इतरांइतकी लागू पडत नाही. पहिला फोन त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना. डॉक्टर ‘गावात साथ जोरात आहे, नको’ म्हणाले, तर वाद न घालता त्यांना जादा प्रवेशिका द्या. ‘काळजी घेऊन जा’ म्हणाले, तर पुढचं लक्षात ठेवा.

डोक्यामागे दोन पट्टे असलेला एन ९५, कानाला अडकवायचा नव्हे. वरचा पट्टा टाळूच्या मागच्या उंचवट्यावर, खालचा कानांच्या खाली मानेवर. दोन्ही मानेवर घेतले की नाकाशी फट पडते, आणि हीच चूक सर्वांत जास्त होते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत गालापर्यंत न्यायची. एका हाताने चिमटा काढला तर मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना बोगदे राहतात. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे झुळूक आली तर नाकाशी गळतंय, चश्म्यावर वाफ धरते तीही त्याचीच खूण. दाढी असेल तर आदल्या दिवशी काढावी, कारण खुंटांवर मास्क बसत नाही. घरी टीव्हीसमोर दोन तास लावून बघावा. काचत असेल तर दुसऱ्या आकाराचा आणायला वेळ हवा.

जागा कडेची, मास्कच्या रांगांमध्ये, शेजारची खुर्ची रिकामी, बाल्कनीखालची नको. सगळे बसल्यावर, दुसऱ्या घंटेनंतर त्यांना आत आणा. मध्यंतरात त्यांनी लॉबीत जाऊच नये. सगळे बाहेर गेल्यावर रिकामं, दारं उघडलेलं प्रेक्षागृह हीच त्या वेळी आतली सर्वांत मोकळी जागा असते. स्वच्छतागृहात जायचं असेल तर पडदा पडण्याच्या पाच मिनिटं आधी स्वयंसेवकाने बॅटरी दाखवून न्यावं. पाणी प्यायचं तर श्वास रोखून मास्क खाली, दोन घोट, मास्क वर. ‘एकदा काढला की गेलं’ असं नसतं. धोका वेळेच्या हिशेबाने वाढतो, अर्ध्या मिनिटाने अडीच तासांची मेहनत वाया जात नाही. वडा घरी, पार्सल. आणि नंतरच्या चार-पाच दिवसांत कणकण वाटली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, कारण फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं.

आईंचा प्रश्न सोपा आहे आणि तो अनेकींचा आहे. कानामागे बसणारं श्रवणयंत्र, चश्म्याची काडी आणि मास्कची दोरी, तिघांची जागा एकच. दोरी ओढली की यंत्राची नळी तिच्यात अडकून बाहेर उडते, आणि अंधारात खुर्च्यांखाली ते सापडत नाही. म्हणून त्यांच्यासाठीही डोक्यामागच्या पट्ट्यांचाच मास्क. तो मिळाला नाही, तर कानाच्या दोन दोऱ्या मागे एकमेकींना जोडणारी प्लास्टिकची पट्टी औषधाच्या दुकानात मिळते. घरी एका मोठ्या बटणाला दोन्ही दोऱ्या अडकवूनही भागतं. क्रम असा : आधी मास्क, मग चश्मा, शेवटी यंत्र. काढताना आधी यंत्र काढून डबीत, मग चश्मा, मग मास्क, खालचा पट्टा आधी आणि वरचा नंतर, आणि हे सगळं उजेडात, पदर मांडीवर पसरून. अंबाडा घालत असतील तर वरचा पट्टा अंबाड्याच्या वर आणि खालचा खाली. अंबाड्यावरूनच घेतला तर पहिल्या अंकात तो घसरतो. गजरा मास्क लावून झाल्यावर माळावा.

खजिनदारांचा हसण्याचा प्रश्न राहिला. नट प्रेक्षकाचे ओठ बघत नाही, अंधारात त्याला ते दिसतच नाहीत. तो हशा ऐकतो, आणि हशा मास्कमधून पोचतो. निम्मं रिकामं प्रेक्षागृह त्याला जास्त खटकतं.

व्हॉट्सॲपवर गुरुवारी आणि रविवारी सकाळी असं पाठवा : ‘गावात ताप-खोकल्याची साथ आहे. लक्षणं असतील तर कृपया येऊ नका, सहापर्यंत कळवा, पुढच्या वेळी जादा प्रवेशिका मिळेल. प्रेक्षागृहात मास्क लावावा ही सर्वांना विनंती. दारात मोफत मिळेल. वडा-चहा यावेळी पोर्चमध्ये. नाटक बरोबर साडेआठला सुरू होईल.’ प्रयोगाआधी मोबाइल बंद करण्याची सूचना असते, तिच्यातच मास्कचं एक वाक्य घाला आणि मध्यंतराची घंटा होताच ‘कृपया बाहेर मोकळ्या हवेत जावे’ हे पुन्हा सांगा. सूचना निर्मात्याच्या माणसाकडून नको, तुमच्या अध्यक्षांच्या आवाजात हवी. सक्तीची हौस त्यांना आहे, तर विनंती त्यांनीच करावी.

कॅन्टीनवाल्याशी मात्र शुक्रवारच्या बैठकीच्या आधीच बोलून घ्या. टेबलं बाहेर न्यायला त्याला दोन जादा पोरं लागतील आणि त्यांची मजुरी कोण देणार, हे तो पहिल्या वाक्यात विचारेल.